हमीच्या सीलखाली लपवलेले इंजिन

माझ्या पहिल्या पिढीच्या माझदा एमएक्स-५ या छोट्या स्पोर्ट्स कारसाठी घेतलेल्या वापरलेल्या इंजिनाच्या व्यवहारात माझी फसवणूक झाली. ज्या पद्धतीने ती झाली, ती इंजिन स्वॅपची, म्हणजे आपल्या गाडीत दुसऱ्या गाडीचे इंजिन बसवण्याची, आखणी करणाऱ्या कोणावरही वापरता येण्यासारखी आहे, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

मूळच्या १५९७ सीसी इंजिनाच्या जागी मला २००४ ते २००८ या काळातील अक्युरा टीएसएक्समधले होंडाचे के२४ए२ बसवायचे होते. अधिक ताकद हवी होतीच, परंतु त्याहून महत्त्वाचा होता भरवसा. टर्बो नसलेले, टायमिंग चेनचे, मूळ स्थितीतले इंजिन असले की गाडी वर्षानुवर्षे निर्धास्तपणे चालवता येते. विक्रेत्याने इंजिन क्रमांकाचे छायाचित्र, चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन (आत तयार होणारा दाब) उत्तम दाखवणारा व्हिडिओ आणि लेखी हमी दिली. हमीला अट एकच होती : व्हॉल्व्ह कव्हरवरचे, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणावरचे, सील तुटले, तर हमी रद्द.

वरवर पाहता ही अट रास्त वाटते, कारण ग्राहकाने इंजिन उघडून त्यात ढवळाढवळ करावी आणि मग ते परत करावे, हे कोणत्याही विक्रेत्याला नको असते. पण इंजिनाची खरी ओळख त्याच कव्हराखाली असते. के२४ए२ आणि त्याच सुमाराच्या अमेरिकन अकॉर्डमधले के२४ए४ ही दोन्ही इंजिने २३५४ सीसीची असून बाहेरून पुष्कळशी सारखी दिसतात. मात्र ए२ चे कॉम्प्रेशन गुणोत्तर १०.५ आणि ताकद सुरुवातीच्या वर्षांत २०० अश्वशक्ती, तर ए४ चे अनुक्रमे ९.७ आणि १६०. ए२ मध्ये इनटेक आणि एक्झॉस्ट अशा दोन्ही कॅमशाफ्टवर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांवर) जास्त आरपीएमला काम करणारा वेगळा, उंच लोब (उंचवटा) असतो. ए४ च्या एक्झॉस्ट कॅमशाफ्टवर ती रचनाच नसते. कव्हर काढले की माहीतगार माणसाला हे एका नजरेत कळते आणि नेमके तेच कव्हर काढण्यावर बंदी होती.

पुढचे काम विक्रेत्याच्या पथ्यावर पडले. गाडीच्या रुंदीत आडवे बसण्यासाठी घडवलेले इंजिन एमएक्स-५ मध्ये लांबीच्या दिशेने बसवायचे, तर वेगळे ऑइल पॅन, माउंटिंग, गिअरबॉक्सचा अडॅप्टर, वायरिंग आणि ईसीयू (इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक), असे सगळेच जमवावे लागते. बराचसा खर्च इंजिनावर नव्हे, तर या भागांवर होतो, आणि ते ए२ व ए४ दोन्हींना बसत असल्याने जोडणी करताना संशय यावा असे काहीच घडले नाही. ते होईपर्यंत इंजिन परत करण्याची मुदत उलटून गेली होती.

इंजिन सुरू होताच निळसर धूर आला. साठवणुकीच्या काळात आत सोडलेले तेल जळते आहे, थोड्या वेळात थांबेल, असे विक्रेत्याने सांगितले. धूर थांबला नाही. डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) ईसीयूचे ट्यूनिंग करताना सुमारे ६००० आरपीएमला जो स्पष्ट जोर मिळायला हवा होता, तो मिळालाच नाही. तेव्हा सील तोडले. एक्झॉस्ट कॅमशाफ्ट साधा निघाला. ब्लॉकवर जिथे क्रमांक कोरलेला असतो, त्या जागेवरचा जाड काळा रंग खरवडल्यावर खाली के२४ए४ अशी अक्षरे दिसली. छायाचित्रातला क्रमांक दुसऱ्याच इंजिनाचा होता.

कॉम्प्रेशनच्या आकड्यांचे गूढही नंतर उलगडले. पिस्टनभोवतीची फट बंद ठेवणाऱ्या रिंगा झिजलेल्या सिलिंडरमध्ये स्पार्क प्लगच्या भोकातून थोडे तेल ओतले, तर ते रिंगेच्या कडेने बसून फट तात्पुरती बंद करते आणि गेजवर आकडा चढतो. झीज रिंगांची आहे की व्हॉल्व्हची, हे ओळखण्यासाठी मेकॅनिक हीच चाचणी मुद्दाम करतात. इथे मात्र तिचा उपयोग झीज लपवण्यासाठी केला गेला, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आम्ही गरम इंजिनावर कोरडी चाचणी घेतली, तेव्हा दोन सिलिंडरचे आकडे खूपच खाली आले, आणि तेल टाकताच वर गेले.

विक्रेत्याचे उत्तर एका ओळीचे होते : सील तुटले आहे, हमी संपली.

म्हणून वापरलेले इंजिन घेताना, इतर कोणताही भाग मागवण्याआधी, ब्लॉकवरचा क्रमांक आपल्यासमोर थिनरने पुसून वाचावा आणि तो बिलावर लिहून घ्यावा. कॉम्प्रेशन आपल्या मेकॅनिककडून, थ्रॉटल पूर्ण उघडे ठेवून, आणि त्याआधी बोअरस्कोपने (भोकातून आत घालायच्या बारीक कॅमेऱ्याने) सिलिंडर कोरडे असल्याची खात्री करून तपासावे. लीक-डाउन चाचणीत, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा भरून ती कुठून गळते ते पाहताना, दाबाची हवा ऑइल फिलरमधून फुसफुसत असेल, तर रिंगा गेल्या आहेत असे समजावे. कव्हर एकदा विक्रेत्यासमोर उघडून बघण्याची परवानगी लेखी मागावी; ती नाकारली गेल्यास मी तरी यापुढे तो व्यवहार तिथेच सोडून देईन.

दुसरे इंजिन मी असेच पारखून घेतले आणि आधीचे माउंटिंग, पॅन, अडॅप्टर त्यालाच वापरले. पहिल्या विक्रेत्याविरुद्ध तक्रार दाखल केली आहे. रंग खरवडण्याआधीची आणि नंतरची छायाचित्रे, बिल व त्याने पाठवलेला मूळ व्हिडिओ हा त्या तक्रारीतला मुख्य पुरावा आहे.