‘एचटी’चा शिक्का बघून मी खूश झाले होते

कोणी तुम्हाला बेडरूमच्या छतासाठी ‘न्यूझीलंड पाइन, भट्टीत वाळवलेलं, पॉलिशसकट ४८० रुपये फूट’ असा भाव देत असेल, तर आधी फळी उलटी करून बघा. मी बघितली होती. तरी फसले, आणि तेच जास्त झोंबतंय.

आमचा फ्लॅट धायरीत, सगळ्यात वरच्या मजल्यावर. स्लॅब तापतो, पीओपी एकदा फुगून खाली आलेलं, म्हणून लाकडी पट्ट्या लावायचं ठरलं. बारा बाय अकराची खोली, म्हणजे १३२ चौरस फूट, एकूण ६३,३६० रुपये. काँट्रॅक्टरचा नंबर सोसायटीच्या ग्रुपवर आला होता, रस्त्यावरून पकडून आणला नव्हता. ४०,००० यूपीआयने ॲडव्हान्स. मग ‘पॉलिशवाला रोखच मागतो’ म्हणून १५,००० रोख. पावती? ‘फायनल बिलात एकत्रच देतो ना ताई.’ पुढचं तुम्हाला सांगायला नको.

माल आला त्या सकाळी मी पॅसेजमध्ये एक फळी उचलून बघितली. मागे काळा, डागल्यासारखा शिक्का. चौकटीत गव्हाची लोंबी, ‘आयपीपीसी’, परदेशाचा कोड आणि ‘एचटी’. हे काय, असं विचारलं. ‘हीट ट्रीटमेंट. शिक्का नसेल तर आम्ही माल घेतच नाही, ताई.’ आणि मी खूश! फोटो काढून नणंदेला पाठवला, बघ किती चांगला माल मिळालाय म्हणून. काही फळ्यांवर लांबी (पुट्टी) भरलेली बारीक भोकं ओळीत होती. ‘गाठी होत्या, भरून घेतल्या.’ गाठी अशा सरळ रेषेत, सारख्या अंतरावर येतात होय? आयुष्य बँकेच्या काउंटरवर गेलं माझं, खोटी नोट बोटांना कळते. लाकूड नाही कळत, आणि ते कळावं अशी माझ्याकडून अपेक्षा का असावी? म्हणून तर माणूस नेमतो ना आपण!

तर तो शिक्का परदेशातून मशिनरी ज्या खोक्यांत येते, त्या खोक्यांच्या लाकडावर मारतात. सीमेपलीकडे कीड जाऊ नये म्हणून लाकूड आतपर्यंत ५६ अंशांना किमान ३० मिनिटं तापवतात, तेवढाच त्याचा अर्थ. लाकूड वाळलं असं त्यात कुठेही नाही, नंतर कीड लागणार नाही असंही नाही. घराच्या छताच्या नव्या पट्टीवर तो असायचं कारणच नाही. खोकी फोडायची, खिळे उपटायचे, रंधा मारायचा, वर पॉलिश. ओळीतली ती भोकं खिळ्यांची होती!

पावसाळा लागला तशा फळ्या फुगल्या, वाकल्या. चादरीवर पिवळसर भुकटी पडायला लागली. एका रात्री एक फळी एका टोकाने सुटून पंख्याशेजारी लोंबकळली. सासरच्या गावचे मिस्त्री आले. म्हणाले, ‘वहिनी, नुसती पिनगन मारलीय, स्क्रू एकही नाही. खाच-जोड नाही, मागून पॉलिशचा हात नाही. सगळं लाकूड पाच हजारांच्या वर जात नाही.’ स्लॅबला धरलेली फ्रेमसुद्धा त्याच खोक्यांची.

काँट्रॅक्टरचा फोन बंद. उरलेले ८,३६० मागायलाही तो आला नाही, यातच काय ते समजा.

पोलीस ठाण्यात गेले. ‘मॅडम, हे सिव्हिल मॅटर आहे.’ अहो, दुसऱ्याच वस्तूचे पैसे घेतले त्याने! ४२० म्हटलं तर हवालदार हसला, ‘ते आता ३१८ झालं.’ कलमाचा नंबर शिकवला, गुन्हा मात्र नोंदवला नाही. साधा अर्ज घेतला, त्यावर पोच मागितली तर ‘साहेब आल्यावर या’. साहेब बंदोबस्तात. मग साहेब रजेवर. सायबरवाले म्हणाले, तुम्ही स्वतःहून यूपीआय केलंत, हा सायबर गुन्हा नाही. बँकेचं तेच, आणि मी जिथे नोकरी केली त्याच बँकेचं! ग्राहकांच्या हेल्पलाइनवर ‘कंपनीचं नाव निवडा’. कंपनी असती तर तुमच्याकडे कशाला रडले असते? सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, ग्रुपवर नाव कोणी टाकलं ते सांगता येणार नाही. म्हणजे चोर सोडून सगळ्यांनी आपापली जबाबदारी झटकली.

कोटेशनवरचा जीएसटी नंबर २४ने सुरू होत होता. महाराष्ट्राचा २७ने होतो, एवढं मला नोकरीमुळे माहीत. २४ गुजरातचा. विचारलं तर म्हणे माल तिकडच्या गांधीधामचा. गांधीधामला लाकडाचा मोठा बाजार आहे, त्यामुळे पटलं. पोर्टलवर तो नंबर कोणालाही फुकट शोधता येतो. मी शोधला पैसे गेल्यावर. नोंदणी रद्द, धंदा कापडाचा.

रोख देऊच नका. पट्ट्या आठवडाभर खोलीतच पडू द्या, ओलं लाकूड तिथेच वाकडं होतं. ओलावा मोजायचं मीटर मिस्त्रीसमोर लावा, कोणाला राग आला तर येऊ दे. डोक्यावरचं काम आहे, स्क्रू मोजायला लाज कसली?

सीलिंग उतरवायला आणखी ७,००० गेले. आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकतेय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागतोच असं नाही, पण दोन वर्षांच्या आत टाकावी लागते. ज्यांच्या घरी असाच माल लागलाय, त्यांनी चिडून तो भंगारवाल्याला देऊ नका. शिक्क्याची फळी आणि तिचा तारखेसकट फोटो ठेवा. नणंदेला पाठवलेला तो फोटो मी तक्रारीला पहिलाच जोडलाय.