‘स’ टोचत होता म्हणून : इक्वलायझर एपीओ वापरून पाहिलं

मुलाखतींची ध्वनिमुद्रणं ऐकून ती शब्दशः टंकायची, हे माझं काम. दिवसाचे पाच-सहा तास कानावर हेडफोन. दुपारी चारच्या सुमारास डोकं ठणकायला लागायचं आणि मी दोष द्यायचे हेडफोनच्या दाबाला. एक दिवस काहीही न लावता तो तसाच डोक्यावर ठेवून तासभर बसले. काही झालं नाही. म्हणजे दुखवत होता तो आवाज, आणि त्यातही एकच अक्षर. ‘असं’, ‘सांगितलं’, ‘म्हणजे कसं’… आपल्या बोलण्यात ‘स’ किती येतो, हे तो टोचायला लागल्याशिवाय लक्षात येत नाही.

नवा हेडफोन घ्यायच्या आधी इक्वलायझर, म्हणजे आवाजातले खालचे-वरचे स्वर वेगवेगळे कमी-जास्त करायची सोय, वापरून बघू म्हटलं. सुरुवात लॅपटॉपसोबत आलेल्या ॲपपासून केली. त्यात दहा सरकपट्ट्या होत्या : ३१ हर्ट्झ (आकडा जितका मोठा तितका स्वर उंच), ६२, १२५ असं दुपटीदुपटीने थेट १६,००० पर्यंत. वर ‘रॉक’, ‘पॉप’, ‘जाझ’ अशी तयार बटणं. मुलाखत कोणत्या बटणात बसते कोण जाणे. मी सगळेच करतात तेच केलं, म्हणजे दोन्हीकडची टोकं वर नेली आणि मधे खड्डा. पहिलं गाणं ऐकून अहाहा झालं. तिसऱ्या गाण्यात तबल्यावर थाप पडली की आवाज फाटायला लागला, आणि मुलाखतीत माणूस रांजणात तोंड घालून बोलतोय असं वाटायला लागलं. ‘स’ होता तिथेच. तो नेमका ४,००० आणि ८,००० या दोन पट्ट्यांच्या मधे बसला होता. कोणतीही पट्टी खाली ओढली तरी तो थोडासाच कमी व्हायचा, पण शेजारपाजारचं सगळं मंद व्हायचं.

मग इक्वलायझर एपीओ घेतलं. योनास थेडरिंग यांनी लिहिलेलं हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर फुकट आहे आणि फक्त विंडोजवर चालतं. (लिनक्सवर इझीइफेक्ट्स आणि मॅकवर ईक्यूमॅक आहेत, पण ते मी वापरलेले नाहीत.) ते विंडोजच्या ध्वनियंत्रणेतच बसतं, त्यामुळे ब्राउझर असो, व्हिडिओ असो की माझं टंकलेखनाचं सॉफ्टवेअर, सगळ्यांचा आवाज त्यातून गाळून येतो. बसवताना ते विचारतं की कोणत्या उपकरणाला लावू. तिथे हेडफोनवर खूण करायची, संगणक बंद करून पुन्हा चालू करायचा, झालं. माझ्या लॅपटॉपवर मात्र हेडफोनची खाच आणि आतले स्पीकर हे विंडोजच्या लेखी एकच उपकरण निघालं. हेडफोनसाठी केलेली दुरुस्ती दोन दिवस स्पीकरलाही लागत होती आणि स्पीकर बिघडला म्हणून मी त्याच्यावरच डाफरत होते.

रंगरूपाची अपेक्षा ठेवू नका. मुळात ही एक साधी मजकुराची फाइल आहे. एकेका ओळीत एकेक फिल्टर : कुठे, किती डीबी (डेसिबल, आवाजाच्या पातळीचं माप) वर-खाली आणि किती रुंद. ही रुंदी ‘क्यू’ नावाच्या आकड्याने ठरते. क्यू जितका मोठा तितका पट्टा अरुंद. सोबतच्या एडिटरमध्ये आलेख दिसतो, आणि ओळी वाचायच्याच नसतील तर वरून ‘पीस’ नावाचं वेगळं ॲप बसवून सरकपट्ट्या मिळतात. मी आठवडाभर पीस वापरलं आणि मग फाइलकडेच परत गेले. दिवसभर टंकणाऱ्या बाईला चार ओळी जास्त कशाला जड वाटतील?

पण या सगळ्यात कळीची ओळ सर्वांत वरची, प्रीॲम्पची, म्हणजे एकूण आवाज सरसकट वर-खाली करणारी. हल्लीची बरीच मुद्रणं डिजिटल मर्यादेच्या, म्हणजे शून्य डीबीच्या, अगदी टोकापर्यंत भरलेली असतात. त्यावर कुठेही ६ डीबी वाढवले की तिथली लाट जवळपास दुप्पट उंच होते, आणि वर तर जागाच नसते. मग एकतर शेंडे कापले जातात, नाहीतर आवाज मर्यादेत ठेवणारा विंडोजचा लिमिटर ते दाबून बसवतो. माझी थाप यामुळेच फाटत होती. उपाय अगदी सोपा : जिथे सर्वांत जास्त वाढवलंय, तेवढं प्रीॲम्पमध्ये आधीच वजा करायचं. एडिटर आलेखासोबत कमाल वाढ किती ते दाखवतो, तोच आकडा उचलायचा. त्याहून बरं म्हणजे वाढवायच्या भानगडीत फारसं पडायचंच नाही. जे जास्त आहे ते कापलं की उरलेलं आपोआप पुढे येतं.

फिल्टर कोणते लावायचे, यासाठी ऑटोईक्यूची मदत घेतली. याक्को पासानेन यांच्या या प्रकल्पात हजारो हेडफोनच्या मोजमापांवरून बनवलेल्या तयार सेटिंग्ज आहेत. आपलं मॉडेल शोधायचं आणि आकडे फाइलमध्ये उतरवायचे. त्यातल्या बऱ्याच सेटिंग्ज हेडफोनचा आवाज हरमन या ध्वनिसाधनांच्या कंपनीच्या वक्राशी, म्हणजे कोणता स्वर किती मोठा हवा याच्या नमुना आलेखाशी, जुळवतात. शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऐकणाऱ्यांच्या पसंतीवरून तो वक्र बनवला. माझ्या हेडफोनच्या बाबतीत ऑटोईक्यूने पहिलं काम केलं ते १५० हर्ट्झच्या आसपास फुगलेला खर्ज कापण्याचं. एवढ्यानेच डग्गा आणि बोलणाऱ्याची छाती वेगवेगळी ऐकू यायला लागली. एरवी चार-चारदा मागे जाऊन ऐकावे लागणारे शब्द एका फेरीत कळायला लागले.

तरी पहिल्या संध्याकाळी मी ते सगळं काढून टाकलं होतं. कारण? मेल्यासारखं वाटलं! प्रीॲम्पने एकूण आवाज सहा डीबी खाली आणला होता, आणि कानाला जे थोडं मोठं ते चांगलंच वाटतं. आता तुलना करताना मी दोन फाइली ठेवते : एकीत सगळे फिल्टर, दुसरीत फक्त प्रीॲम्प, आणि दोन्ही कानाला सारख्याच मोठ्या वाटतील असा त्याचा आकडा. बटण चालू-बंद करून केलेल्या तुलनेवर माझा आता काडीचा विश्वास नाही.

राहिला ‘स’. तयार सेटिंगमध्ये वरच्या पट्टीतली दुरुस्ती होती, पण माझ्या ‘स’च्या शेजारी. यात मोजणाऱ्याची चूक नाही. तेवढ्या उंच स्वरांत हेडफोन कानावर अर्धा बोट पुढे-मागे झाला आणि कानाचा आकार वेगळा असला तरी चित्र बदलतं. म्हणून एक शुद्ध स्वर अगदी हळू आवाजात (हळूच, हे खरंच सांगते) ४,००० पासून ९,००० हर्ट्झपर्यंत सावकाश चढवत नेला. ६,३०० च्या आसपास तो अंगावर आला. तिथे क्यू ४ चा फिल्टर लावला आणि ५ डीबी कापले. हाच प्रयोग ३,००० च्या आसपास केला तर तिथेही चढ लागेल, पण तो आपल्या कानाच्या नळीचा स्वतःचा असतो. तो सपाट करायला जाऊ नका, आवाज निर्जीव होतो. मी जाऊन आले आहे.

काही गोष्टी आधी माहीत असत्या तर बरं झालं असतं. एखादा प्लेअर एक्सक्लुझिव्ह मोडमध्ये किंवा एएसआयओने (दोन्ही विंडोजची नेहमीची ध्वनियंत्रणा टाळून थेट उपकरणाकडे जाण्याचे मार्ग) वाजवत असेल तर आवाज एपीओला वळसा घालून जातो, मग कितीही ओळी लिहा. ध्वनीचा ड्रायव्हर अद्ययावत झाला की कधीकधी एपीओ त्या उपकरणावरून सुटतं आणि खूण पुन्हा करावी लागते. ब्लूटूथ हेडफोनचा माइक चालू केल्यावर येणारा टेलिफोनसारखा चपटा आवाज इक्वलायझरने सुधारत नाही, कारण वरचे स्वर तिथपर्यंत पोचलेलेच नसतात. आणि गुंजणाऱ्या खोलीत, टेबलाच्या पलीकडे फोन ठेवून केलेल्या मुलाखतीवर कशाचाच इलाज नाही.

आज माझ्या फाइलमध्ये चारच ओळी उरल्या आहेत. प्रीॲम्प उणे २.५; १५० ला उणे ४, क्यू ०.८; २,५०० ला अधिक २, क्यू १.५; आणि ६,३०० ला उणे ५. चारचं ठणकणं गेलं. नवा हेडफोन काही घेतला नाही. ‘शिट्टी’ नावाची एक पाचवी ओळ वेगळ्या फाइलमध्ये आहे, ७,४०० ला उणे ८. एका बाईंच्या पुढच्या दातांत फट आहे आणि त्यांच्या अकरा तासांच्या मुलाखती अजून माझ्याकडे पडून आहेत.