ग्रॅव्हल की हार्डटेल? सोलापूरकरांनी आधी घाटापर्यंतचं डांबर मोजावं

पुणेकराला सिंहगडाचा पायथा घरापासून तास-दीड तासावर मिळतो. आपलं तसं नाही. सोलापुरातून कुठल्याही नाक्यानं बाहेर पडा, समोर माळ, ज्वारीची शिवारं आणि सरळसोट रस्ता. झाडीतला चढ हवाच असेल तर दोन वाटा आहेत. एक, उत्तरेला बालाघाटाची रांग, म्हणजे तुळजापूर आणि पुढं येडशी-रामलिंग. दुसरी, सायकल चारचाकीवर बांधून साताऱ्यापलीकडचा सह्याद्री. सायकल घ्यायला निघालेला जो तो दुकानात विचारतो, 'डोंगरात चालेल ना?' अहो, डोंगरात दोन्ही चालतात. तुम्ही डोंगरापर्यंत कसे जाणार, ते आधी सांगा.

माझं मत सुरुवातीलाच देऊन टाकतो. घरापासून पेडल मारत जाणार असाल तर ग्रॅव्हल, चारचाकीवर टाकून नेणार असाल तर हार्डटेल. हे असं का, आणि कुठं हा हिशेब फसतो, ते आता बघू.

ग्रॅव्हल म्हणजे रोड बाइकसारखं खाली वळलेलं हँडल, डिस्क ब्रेक आणि साधारण ३५ ते ५० मिमी रुंदीचे टायर. शॉकअप बहुधा नसतोच. हार्डटेल ही एमटीबीच (माउंटन बाइक), पण शॉकअप फक्त पुढं, बहुतेक १०० मिमीच्या आसपास. मागची फ्रेम कडक, हँडल सरळ आणि टायर सव्वादोन इंची. ग्रॅव्हलला जे नाव झालं ते अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या फ्लिंट हिल्समुळं. तिथं २००६ पासून २०० मैलांची, म्हणजे सुमारे ३२० किलोमीटरची शर्यत होते, आज तिला 'अनबाउंड' म्हणतात. तो मुलूख गवताळ, उघडा, लांबच लांब कच्च्या रस्त्यांचा; दगड मात्र असा धारदार की टायर कापले जातात. म्हणजे बघा, ही सायकल ज्या जमिनीवर मोठी झाली ती कोयनेच्या जंगलापेक्षा आपल्या नान्नजच्या माळाला जास्त जवळची आहे. जाहिरातीतले धुक्यातले देवदार बघून ग्रॅव्हल घेऊ नका.

आता डांबर. सोलापूर ते तुळजापूर ४५ किलोमीटर, येडशी ९० च्या घरात. हे सगळं अंतर रुंद हायवेचं. इथं हार्डटेलचे गुटगुटीत टायर आणि छातीवर वारा घेत ताठ बसणं, दोन्ही अंगावर येतं. ग्रॅव्हलवर तासाला तीन-चार किलोमीटर सहज जास्त पडतात, आणि खरा फायदा परतीला कळतो. पावसाळ्याच्या तोंडाला नैऋत्येचा वारा सुटलेला असतो आणि तुळजापूरहून सोलापूरला येताना तो जवळजवळ तोंडावरच येतो. अशा वेळी हँडलच्या खालच्या वळणाला धरून वाकता येणं ही चैन राहत नाही, गरज होते.

घाट सुरू झाला की बाजी थोडी पलटते. आकड्यांतच सांगतो, कारण दुकानदार हे सांगत नाही. बऱ्याच ग्रॅव्हल सायकलींना पुढं ४० दात्यांची एकच चकती आणि मागं सगळ्यांत मोठी ४२ दात्यांची असते. सगळ्यांत हलका गिअर टाकून पेडलचे मिनिटाला ६० फेरे मारले तर वेग पडतो ताशी साडेसात किलोमीटर. हार्डटेलला पुढं ३२ आणि मागं ५१ असेल तर तेवढ्याच फेऱ्यांना सव्वापाच. दहा टक्क्यांच्या कच्च्या चढावर, पाठीमागं सामान बांधून, साडेसातचा वेग धरणं हे सुट्टीच्या दिवशी सायकल काढणाऱ्या माणसाचं काम नाही; गुडघे बोलायला लागतात. सव्वापाचनं तो रडतखडत का होईना, बसून चढतो. म्हणून ग्रॅव्हल घेताना रंग नंतर बघा, आधी दाते मोजा. पुढची चकती ३८ किंवा ३६ ची बसते का, मागं सगळ्यांत मोठी चकती ४६ किंवा त्याहून जास्त दात्यांची असलेली कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) चालते का, हे विचारा. हा बदल सायकल घेतानाच करून घेतलेला स्वस्त पडतो.

उताराला मात्र हार्डटेलपुढं ग्रॅव्हल उघडी पडते. कासहून बामणोलीकडं उतरताना पठारापासून शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या पाण्यापर्यंत सुमारे ५०० मीटर उंची जाते. अशा भागातल्या जांभ्याच्या वाटेवर पावसानं माती धुऊन नेलेली असते आणि मुठीएवढे दगड सुटे पडलेले असतात. ग्रॅव्हलवर ब्रेकच्या मुठी धरून दहा मिनिटं उतरलात की आधी करंगळी बधिर होते, मग अंगठ्याच्या बुडाशी कळ येते, आणि पुढचं चाक दगडावरून घसरलं की ते सावरायला बोटं वेळेवर मिटत नाहीत. सरळ, रुंद हँडलवर तोच दगड शॉकअप गिळतो. घाबरट उतरणाऱ्यानं (मी त्यातलाच) सह्याद्रीसाठी हार्डटेलच घ्यावी. शिवाय तिकडं पाऊस आपल्या दसपट, महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरच्या वर, आणि सोलापूरला सहाशेच्या आत. ओल्या जांभ्यावर शेवाळ धरलं की टायर कितीही भारी असू दे, सायकल हातात धरून उतरायचं.

बालाघाटात उतार इतके दुष्ट नाहीत. पाणंद रस्ते, मुरूम टाकलेल्या वाटा, मधेच बैलगाडीची चाकोरी. इथं ४५ मिमीचा टायर पुरतो. साधारण ७० किलोच्या माणसानं हवा ३५ पीएसआयच्या आसपास ठेवावी. आपल्याकडं टायर दगडासारखा टणक करून देण्याची पंपवाल्यांना हौस असते. ती हवा थोडी सोडली की अर्धा शॉकअप फुकटात मिळतो.

पण बालाघाटाचा खरा शत्रू दगड नाही, काटा आहे. बाभळीचा काटा लांब असतो, तो दिसतो तरी. सराटा दिसतच नाही. बांधावर सायकल दोन मिनिटं टेकवून उचलली, चाक हातानं फिरवलं, की रबरात बारीक हिरवट-तपकिरी टोकं रुतलेली दिसतात. नखानं एक उपटावं तर फुस्स आवाज येतो आणि बाकीची उपटायची हिंमत होत नाही. इथं ग्रॅव्हल आणि हार्डटेल दोघी सारख्याच हतबल आहेत, म्हणून निवड सायकलीची नाही, ट्यूबलेसची. आत सीलंट असलं की असली भोकं जाता जाता भरून निघतात. फक्त आपल्या उन्हाळ्यात ते सीलंट डब्यावर लिहिलेल्या मुदतीआधीच आटतं. एप्रिल-मेमध्ये चाक कानाशी हलवून आत पाणी वाजतं का ते बघत चला. ट्यूबलेस न होणारी रिम असेल तर मी त्या सायकलीवर पैसे घालणार नाही, मग ती कितीही देखणी असो.

चिखलाबद्दल एवढंच: काळ्या रानात पाऊस पडल्यावर दोन्हीपैकी कुठलीच सायकल चालत नाही. पन्नास पावलांत चाक फ्रेममध्ये जाम होतं. मुरमाच्या वाटेनंच राहा, किंवा दोन दिवस थांबा.

पैशाच्या बाबतीत हार्डटेल सरस. तेवढ्याच रकमेत तिच्यात सामान वरच्या दर्जाचं मिळतं आणि तिचे सुटे भाग गावातल्या मिस्त्रीच्या ओळखीचे असतात. ग्रॅव्हलचा गिअर-ब्रेक एकत्र असलेला लिव्हर मोडला तर तो मागवावाच लागतो आणि बिल दुखतं. बजेट अगदीच तोकडं असेल तर तिसरा मार्ग आहे, हायब्रीड, म्हणजे रोड बाइक आणि एमटीबीच्या मधली, सरळ हँडलची सायकल. चाळीस मिमीचा टायर बसणारी, डिस्क ब्रेकवाली हायब्रीड बालाघाटातलं बहुतेक सगळं काम करते. वाऱ्यात मार खाईल, पण दोन वर्षं ती चालवून मग ग्रॅव्हल घेणारा माणूस काय हवं ते नेमकं सांगून घेतो.

सुरुवात कुठून करावी म्हणाल तर मी रामलिंग म्हणेन. येडशी रामलिंग घाट अभयारण्य १९९७ सालचं, अवघं २२ चौरस किलोमीटरचं. पानगळी जंगल, त्यामुळं उन्हाळ्यात सावलीची अपेक्षा नको. जुलै ते डिसेंबर हा काळ चांगला. मंदिराच्या ओढ्याशी माकडं आहेत, हँडलच्या पिशवीत केळी दिसतील अशी ठेवली तर गेलीच म्हणून समजा. कडक भाकरी आणि शेंगाचटणी आत बांधून न्या; ग्रॅव्हलवरून नेलेल्या भाकरीचा चुरा होतो, पण तो चटणीत कालवून खायला काही वाईट लागत नाही. अभयारण्याच्या आतल्या वाटांना आधी वनखात्याची परवानगी विचारा. २०२४ च्या शेवटी टिपेश्वरकडून आलेला वाघ या परिसरात कॅमेऱ्यात सापडला होता, तेव्हा पहाटेच्या अंधारात एकट्यानं आत शिरण्यात शौर्य नाही. कोयनेकडं तर व्याघ्र प्रकल्पच आहे, तिथं कडेच्या गावरस्त्यांवरच राहायचं.

पहिल्याच खेपेला ९० किलोमीटर जाऊन परत यायचा हट्टही नको. बार्शीपर्यंत चारचाकीनं जा, तिथून येडशी २५ किलोमीटरच्या आसपास आहे. मित्राची सायकल उसनी घेऊन तेवढा घाट चढून-उतरून या आणि मग दुकानात जा. तुळजापूरमार्गेच जायचं असेल तर कोजागिरीच्या आसपासचे दिवस सोडा. तो रस्ता तेव्हा देवीला पायी निघालेल्यांनी भरलेला असतो आणि वाहतूकही वळवलेली असते.