पीडीआयचा महिन्याचा डिव्हिडंड: बरेच महिने ठेवल्यावरचा अनुभव

पिमको डायनॅमिक इन्कम फंड, म्हणजे अमेरिकेच्या शेअरबाजारात मिळणारा एक बाँड फंड, टिकर पीडीआय. इथे न्यू जर्सीत आपली बरीच मंडळी विचारत असतात म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

शेअरमागे महिन्याला 22.05 सेंट, म्हणजे 1000 शेअर असतील तर 220 डॉलर 50 सेंट. माझ्याकडे आल्यापासून एकदाही चुकलं नाही. 2020 च्या मार्चमध्ये कोविडमुळे भाव धाडकन कोसळला तेव्हाही फंडाने हा डिव्हिडंड कापला नव्हता, माझा भरवसा बसला तो त्यामुळेच.

पण यील्डचा (भावाच्या तुलनेत वर्षाला मिळणाऱ्या डिव्हिडंडच्या टक्क्यांचा) आकडा बघून याला एफडी समजू नका, प्लीज. फंड आपल्या पैशांवर आणखी कर्ज काढतो आणि ते मॉर्गेज बाँड, हाय यील्ड (कमी पतीच्या कंपन्यांचे जास्त व्याजाचे बाँड), इमर्जिंग मार्केट वगैरेत लावतो, त्यामुळे 2022 मध्ये फेडने (अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने) व्याजदर वाढवले तसा त्या कर्जाचा खर्चही वाढला. 2012 मध्ये आयपीओ 25 डॉलरला आला होता, मी घेतला तो 20 च्या खाली. म्हणजे हातात पैसे येत राहिले तरी मुद्दल झिजलंय, हे दोन्ही एकत्र धरूनच हिशोब करा. कधीकधी फंडाकडून सेक्शन 19 ची नोटीस येते, त्यात डिव्हिडंडपैकी किती कमाईतून आणि किती रिटर्न ऑफ कॅपिटल (म्हणजे आपलेच पैसे परत) याचा अंदाज असतो, तो अंदाजच बरं का, पक्का आकडा वर्ष संपल्यावर 1099 या टॅक्सच्या फॉर्ममध्ये कळतो.

क्लोज्ड-एंड (शेअर फंडाला परत देता येत नाहीत असा) असल्यामुळे विकायचं तर एक्सचेंजवरच, आणि भाव एनएव्हीला (शेअरमागे फंडाच्या मालमत्तेच्या निव्वळ किमतीला) धरून चालेलच असं नाही. प्रीमियम, म्हणजे एनएव्हीपेक्षा जास्तीचा भाव, 10 टक्के असेल तर 1 डॉलरचा माल आपण 1 डॉलर 10 सेंटला घेतोय. फंडाच्या स्वतःच्या रीइन्व्हेस्टमेंट प्लॅनमध्ये (डिव्हिडंडच्या पैशातून नवे शेअर घेण्याच्या सोयीत) प्रीमियम असताना नवे शेअर एनएव्हीला किंवा बाजारभावाच्या 95 टक्क्यांना, यातलं जे जास्त असेल त्या भावाने मिळतात. माझ्या ब्रोकरने मात्र सरळ बाजारातून पूर्ण भावाने घेतले, चौकशी केली तर तिथल्या माणसाला हा प्लॅनच माहीत नव्हता! तेव्हा ब्रोकरला आधीच विचारून घ्या.

टॅक्सचं थोडक्यात, बहुतेक रक्कम साध्या उत्पन्नात धरली जाते, क्वालिफाइड डिव्हिडंडचा कमी दर तिला लागत नाही, म्हणून मी हा रॉथ आयआरए या निवृत्तीच्या करमुक्त खात्यात ठेवलाय.

आहेत ते शेअर विकणार नाही. पण प्रीमियम 5 टक्क्यांच्या खाली येईपर्यंत नवा पैसाही घालणार नाही.