आठवड्याची शिफ्ट की दोन-दोन-दोन? थर्डवाल्याच्या झोपेच्या बाजूने

वाळूज, शेंद्रा किंवा जालन्याच्या एमआयडीसीत शिफ्ट चार्ट ठरवणाऱ्यासमोर शेवटी दोनच कागद उरतात. एकात आठवडाभर फर्स्ट (सकाळी ७ ते दुपारी ३), मग आठवडाभर सेकंड (३ ते रात्री ११), मग आठवडाभर थर्ड, म्हणजे रात्री ११ ते सकाळी ७ ची रात्रपाळी. दुसऱ्यात दोन दिवस फर्स्ट, दोन दिवस सेकंड, दोन रात्री थर्ड आणि दोन दिवस सुट्टी. आम्ही पहिल्यावरून दुसऱ्यावर आलो. पण पहिल्याच्या बाजूचंही आधी सांगायला हवं.

आठवड्याची शिफ्ट घरच्यांच्या लक्षात राहते, रविवार हक्काचा मिळतो, लग्नकार्याला जाता येतं. वैजापूर-गंगापूरकडून येणाऱ्याला थर्डचा आठवडा म्हणजे शेतीचा आठवडा: रात्री कंपनी, सकाळी फवारणी. झोपेच्या दृष्टीने हे वाईटच, पण घर त्यावर चालतं, म्हणून हा कामगार चार्ट बदलायला सहज तयार होत नाही. मालकाच्या बाजूने हिशोब सरळ आहे. तीन तुकड्या, प्रत्येकी आठवड्याला ४८ तास, म्हणजे १४४ तास, सहा दिवस कारखाना चालतो. दोन-दोन-दोनला चार तुकड्या लागतात. प्रत्येकी सरासरी ४२ तास, एकूण १६८, म्हणजे सातही दिवस. भट्टी विझवता येत नसेल तर चार तुकड्या लागतातच. रविवारी बंद राहणाऱ्या प्रेस शॉपला मात्र चौथी तुकडी जड जाते.

आमचा निर्णय ज्यावर झाला ती गोष्ट छोटी आहे: थर्डनंतरचा रविवार. सोमवारी रात्री ११ ला सुरू झालेला थर्डचा आठवडा रविवारी सकाळी ७ ला सुटतो. माणूस साडेआठला घरी, अंघोळ-नाश्ता करून साडेनऊला आडवा. संध्याकाळी उठतो तेव्हा सुट्टी संपत आलेली असते. रात्री झोप येत नाही, कारण शरीर सहा रात्री जागं राहायला शिकलेलं. आणि सोमवारच्या फर्स्टसाठी साडेचारला उठून बस गाठायची. मधे मोजून २४ तास. १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टने रात्रपाळीवाल्याची सुट्टी शिफ्ट सुटल्यापासून २४ तास धरली होती, म्हणजे कागद चोख होता. सोमवारी सकाळी साडेआठ-नऊला लाइनवर उभ्या माणसाचे डोळे पाहिले की तो कागद पुरेसा वाटत नाही.

काही ठिकाणी यावर उपाय म्हणून चार्ट उलटा फिरवतात: थर्डनंतर सेकंड, मग फर्स्ट. थर्डनंतरचे मोकळे तास वाढतात, हे खरं. पण शरीराचं घड्याळ पुढे ढकलणं, म्हणजे उशिरा झोपणं, सोपं जातं. मागे ओढणं अवघड. उलटा चार्ट दर आठवड्याला मागे ओढतो.

थंड, शांत, अंधाऱ्या खोलीत झोपायला मिळालं तर सलग सहा रात्री एखाद्याला मानवतीलही. आपल्याकडे ती सोय किती जणांकडे आहे? रांजणगाव शेणपुंजी किंवा बजाजनगरमधली पत्र्याची खोली एप्रिल-मेमध्ये अकरानंतर तापते. कूलर आहे, तर लाईट जाते. संभाजीनगरात नळाला पाणी कित्येक दिवसांनी येतं; ते दुपारी आलं तर थर्डवालाच घरी असतो आणि मोटर लावायला तोच उठतो. चार-साडेचार तासांची तुटक झोप एक दिवस निभते, सहा दिवस साठत जाते. आमच्याकडे शुक्रवारी आणि शनिवारी पहाटे ३ ते ५ हीच काळजीची वेळ असायची. त्याच वेळी शरीराचं तापमान सर्वांत खाली असतं आणि डुलकी अनावर होते. दोन-दोन-दोनमध्ये ही उधारी दोनच रात्रींची. दुसरी थर्ड सुटली की पुढच्या फर्स्टपर्यंत ४८ तास, त्यात घरच्या दोन पूर्ण रात्री.

हा चार्टही निर्दोष नाही. आठ दिवसांचं चक्र असल्याने सुट्टीचा वार सरकतो. आठ आठवड्यांत रविवार दोनच मिळतात. सुरुवातीची नाराजी याचीच असते आणि ती रास्त आहे. वर्षाचा चार्ट छापून घरी भिंतीवर लावायला दिला तर बरीच कमी होते. ४८ चे ४२ तास झाले तरी महिन्याचा पगार कमी होणार नाही, हे लेखी द्या. नाईट अलाउन्स किंचित घटतो: १६८ दिवसांत ४८ ऐवजी ४२ रात्री. तो दर वाढवून भरून द्यावा. आणि गैरहजेरी झाली की सुट्टीवरच्याला ओटीला बोलावण्याचा मोह होतो. निदान सुट्टीचा पहिला दिवस त्यातून वगळा, नाहीतर चौथ्या तुकडीचा खर्च करून हाती काही लागत नाही.

चार्ट कोणताही असो, थर्ड सुटल्यावर ट्रेनिंग किंवा मीटिंग ठेवू नका आणि एचआरचे फोन दुपारी दोननंतर करा. शेवटचा चहा पहाटे तीनपर्यंत. त्यानंतरच्या चहातलं कॅफीन सकाळच्या झोपेत उतरतं. २ ते ४ च्या दरम्यान आळीपाळीने २० मिनिटांची डुलकी द्या, उठल्यावर पंधरा मिनिटं मशीन नको. अर्ध्या तासाच्या वर गेली की माणूस जड डोक्याने उठतो. डायबिटीसवाल्याच्या गोळीच्या आणि जेवणाच्या वेळा कंपनीच्या डॉक्टरांकडून शिफ्टनुसार लिहून घ्या. घोरणारा आणि दिवसा पेंगणारा कामगार दिसला तर त्यालाही त्यांच्याकडेच पाठवा. बस नसेल तर थर्डनंतर मोटरसायकलवर सोडू नका. सलग १७ तास जागं राहिलेल्याची सावधानता रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्याइतकी मंदावते; आपल्या कायद्यात गाडी चालवायची मर्यादा ०.०३ टक्के आहे.

तीनच तुकड्या असतील तर दोन-दोन-दोन बसवायला जाऊ नका. बुधवार-गुरुवार थर्ड केलेली तुकडी शुक्रवारी सकाळी ७ ला सुटते आणि त्याच मिनिटाला तिची फर्स्ट लागते. अशा वेळी आठवड्याचाच चार्ट ठेवा, फक्त थर्डचा आठवडा सोमवारऐवजी रविवारी रात्री सुरू करून शनिवारी सकाळी संपवा. मशीनचे १४४ तास तेवढेच राहतात, आणि थर्डवरून फर्स्टला येणाऱ्याला २४ ऐवजी ४८ तास मिळतात. सेकंडवरून थर्डला जाणारी तुकडी शनिवारी रात्री ११ ला सुटून रविवारी रात्री ११ ला येते. तिची साप्ताहिक सुट्टी कशी मोजायची, ते नोटीस लावण्याआधी फॅक्टरी इन्स्पेक्टरना विचारून घ्या.