अंतराच्या डेटा सफिशियन्सीला 'दोन चित्रं': सहा महिन्यांच्या वापरानंतर

जीमॅट या एमबीए प्रवेशपरीक्षेत डेटा सफिशियन्सी (उत्तर काढायचं नाही, दिलेली दोन विधानं उत्तरासाठी पुरेशी आहेत का एवढंच सांगायचं) आता डेटा इनसाइट्स विभागात येते: २० प्रश्न, ४५ मिनिटं, म्हणजे प्रश्नामागे सव्वादोन मिनिटं. या विभागात कॅल्क्युलेटर मिळतो, पण रेषेवरच्या अंतरांना तो काडीचाही उपयोगी नाही. उपयोगी पडते ती कच्च्या कामातली रेघ, तीही दोनदा काढलेली.

पद्धत सोपी. ज्या दोन बिंदूंमधलं अंतर माहीत आहे ते आधी ठोकायचे, मग तिसरा बिंदू दोन्ही बाजूंना मांडून बघायचा. पीक्यू = ९, क्यूआर = ५, तर पीआर किती? आर पलीकडे गेला तर १४, आत आला तर ४. राज्य मंडळाच्या नववीच्या भूमितीत 'दरम्यानता' शिकलेल्यांना पी-क्यू-आर (म्हणजे क्यू मध्ये) हे लेखन आठवत असेल. प्रश्नात तसा क्रम दिलेला नसेल, तर तो आपण मनानं धरायचा नाही. नव्वद टक्के घोळ इथेच, असं म्हटलं तरी चालेल.

आता वरची दोन्ही अंतरं विधान १ मध्ये आहेत आणि विधान २ म्हणतं, पीआर हे क्यूआरपेक्षा मोठं. ४ बाद होतो, १४ उरतो, उत्तर सी (एकेकटं अपुरं, दोन्ही मिळून पुरेसं). पण क्यूआर ५ ऐवजी ४ करा: शक्यता १३ आणि ५, दोन्ही ४ पेक्षा मोठ्या, उत्तर थेट ई (दोन्ही मिळूनही अपुरं). वाक्य तेच, आकडा एकच बदलला! पीक्यू हे क्यूआरच्या दुपटीपेक्षा जास्त झालं की ती अट काहीच गाळत नाही. म्हणून 'असा प्रश्न आला की सी' हे पाठांतर घातक.

उलटा सापळाही आहे. पी, क्यू, आर, एस याच क्रमाने आहेत, पीएस = २०, विचारलंय क्यूआर. विधान १: पीआर आणि क्यूएस यांची बेरीज २४. दोन अज्ञातं बघून लोक पुढे सरकतात. पण त्या बेरजेत क्यूआर दोनदा मोजला जातो, तेव्हा २४ − २० = ४, एकटं विधान पुरेसं. बेरीज दिसली की कुठला तुकडा दोनदा आलाय ते आधी बघावं.

संख्यारेषेवर एक्सचं ३ पासून अंतर ४ असेल तर एक्स ७ किंवा −१. एक्स विचारला तर अपुरं. सोबत '२ पासून अंतर ३' हे विधान आलं की ५ किंवा −१, आणि दोन्हींत −१ सामाईक, म्हणजे सी. विधान २ तपासताना विधान १ हाताने झाकावं, नाहीतर पहिल्यातला आकडा नकळत दुसऱ्यात शिरतो.

उणीव एक: चार बिंदू आले आणि क्रम नसला की चित्रं वाढत जातात. पीक्यू, क्यूआर, आरएस ९, ५, ३ असतील तर पीएस १७, ११, ७ किंवा १. तिथे रेघा काढत बसू नये, ९ ± ५ ± ३ लिहून मोकळं व्हावं. शिवाय मापात काढलेली सुबक आकृती फसवते, मध्यबिंदू नसलेला बिंदूही मध्यबिंदू वाटायला लागतो. पहिलं चित्र मुद्दाम वेडंवाकडं काढलेलं बरं.