रिओतला एकच शनिवार: बोला प्रेता की इपानेमा?

कार्निव्हलचा शनिवार रिओत घालवायचा असेल, तर सकाळी एक 'ब्लोको' आणि दुपारी दुसरा, असा बेत अनेकजण आखतात. ब्लोको म्हणजे वाजवत-नाचत रस्त्याने निघणारा घोळका. तिकीट नाही, मनात आलं की सामील व्हायचं. पण फेब्रुवारीत तिथे भर उन्हाळा असतो. दोन्ही करायला जाल तर दुसऱ्याला पाय उरणार नाहीत. एकच निवडा.

'कॉर्दांव दा बोला प्रेता' १९१८ सालचा. नावाने दचकू नका, 'प्रेता' म्हणजे काळी. पांढऱ्या कपड्यांवर काळे गोल ठिपके हा त्यांचा गणवेश, ठिपक्यांचा साधा टी-शर्टही चालतो. शनिवारी सकाळी शहराच्या जुन्या मध्यभागात तो निघतो आणि गर्दीचा आकडा काही वर्षी दहा लाखांपलीकडे सांगितला गेलाय. त्यांचं गाणं सुरू होतं ते 'जो रडत नाही, त्याला दूध नाही' या अर्थाच्या ओळीने. म्हणजे आपलीच म्हण, फक्त ट्रम्पेटवर! मात्र या गर्दीत बँड दिसेलच असं नाही, लहान मुलं तर नकोतच. मोबाइल आतल्या खिशात ठेवा.

'बांदा दि इपानेमा', म्हणजे समुद्रकाठच्या इपानेमा भागाचा बँड, १९६५ मध्ये, ब्राझीलमध्ये लष्करी राजवट आल्यानंतरच्या वर्षी, पहिल्यांदा निघाली. दुपारी जनरल ओझोरियो चौकात जमायचं. मेट्रो तिथेच उतरवते आणि समुद्र दोन गल्ल्यांवर. साड्या नसल्या तरी पिसं, विग आणि उंच टाचा घातलेले पुरुष भरपूर दिसतील. सगळा दंगा नोसा सेन्योरा दा पाझ चर्चसमोर थांबतो आणि बँड 'कारिन्योझो' वाजवतो. त्या सुरावटीचा संगीतकार पिशिंगिन्या १९७३ मध्ये याच चर्चमध्ये, एका बाप्तिस्म्याला आलेला असताना वारला. तेवढ्या एका थांब्यासाठी मी इपानेमाच निवडेन. शनिवार हुकला तरी हीच बांदा मंगळवारी पुन्हा निघते.

फक्त एक गोष्ट. दोन्हीकडे जोर ब्रास बँडवर आणि जुन्या मार्चिंग गाण्यांच्या चालींवर. ढोलांचा धडधडता सांबाच हवा असेल, तर रविवारी त्याच चौकातून निघणारा 'सिंपाचिया ए क्वाझी आमोर' गाठा. तो दरवर्षी स्वतःचा नवा सांबा रचतो. त्याचे रंग पिवळा आणि फिका जांभळा, हँगओव्हरवरच्या एका गोळीच्या वेष्टनावरून उचललेले.